शेवटची गाडी आणि महाविद्यालय

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या डोंगररांगेवर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या कारकिर्दीत, इ. स. १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे मराठ्यांच्या अमदानीत कैदी ठेवण्यासाठी या किल्ल्याचा उपयोग होत असे. इतिहासाच्या अभ्यासकाला आंबागड माहीत असतो तो एवढ्यासाठी. परंतु आज या गावाचे नाव येथे घ्यावयाचे आहे ते निराळ्या कारणाने. आंबागडापासून तुमसर सुमारे तेरा किलोमीटर आहे. तेरा किलोमीटर हे काही फार मोठे अंतर नव्हे. तथापि किल्ल्याच्या पायथ्याची मुलगी आणि तुमसरचे महाविद्यालय यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. ते मोजावयाचे तर तासांत मोजावे लागते, आणि तसे ते मोजण्याची आपल्या शिक्षणव्यवस्थेला सवय नाही.

खेड्यातून तालुक्याच्या गावी जाऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी घरचे काम आटोपून तो गाडी धरतो. महाविद्यालयात चार तास होतात. तास संपले की त्याचे लक्ष घड्याळाकडे जाते, कारण गावाकडे परतणारी गाडी चुकली तर पुढची केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. वाचनालय दुपारी मोकळे होते, तेव्हा तो बसस्थानकावर असतो. वक्तृत्व मंडळाची बैठक चार वाजता असते, तेव्हा तो वाटेत असतो. क्रीडांगणावर सराव सुरू होतो, स्नेहसंमेलनाच्या नाटकाच्या तालमी रंगू लागतात, एखादा प्राध्यापक आपल्या खोलीत चार मुलांना घेऊन बसतो, तेव्हा हा विद्यार्थी घरी पोहोचून गुरांना पाणी दाखवीत असतो. तीन वर्षांनी त्याला पदवी मिळते. महाविद्यालय मात्र त्याला मिळालेले नसते.

मुलीच्या बाबतीत तर हे शतपटीने खरे आहे. अंधार पडण्यापूर्वी मुलगी घरी यावी असे पालकांना वाटते, आणि त्यात मागासलेपणा शोधण्याचे कारण नाही. निर्जन थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत यावयाचे असेल, तर शहरातील पालकांनाही तेच वाटेल.

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, ही योजना सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवाकार्यास द्यावेत आणि सात दिवसांच्या शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. हे शिबिर बहुधा खेड्यात भरते. म्हणजे महाविद्यालय खेड्यात जाते ते खेडे समजून घेण्यासाठी. आणि त्याच खेड्यातून आलेली विद्यार्थिनी महाविद्यालयातील बैठकीला थांबू शकत नाही म्हणून स्वयंसेवकांच्या यादीत तिचे नाव नसते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. सारी रचनाच अशा विद्यार्थ्याला गृहीत धरून झाली आहे, की जो महाविद्यालयाच्या जवळ राहतो.

मदतीचा हिशेब

विद्यार्थ्यांना साहाय्य म्हणून आपण जे देतो त्याचा या दृष्टीने हिशेब मांडून पाहावा. महाराष्ट्राने या कामी हात आखडता घेतला आहे असे म्हणता येणार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची परंपरा १९४४ पासूनची आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षणशुल्काची सवलत आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. यांपैकी प्रत्येक निर्णय स्वागतार्ह आहे आणि त्यांनी हजारो घरांत पहिला पदवीधर निर्माण केला आहे, यात शंका नाही.

परंतु या योजनांचा तोंडवळा पाहिला तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक तर त्या शुल्काभोवती रचलेल्या आहेत. आणि दुसरे म्हणजे, ज्या निर्वाहासाठी आहेत त्या घर सोडून दूर गेलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत राहणाऱ्यास वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. लहान गावाकडे यावे तशी ही रक्कम उतरत जाते. ते एका अर्थी रास्तच आहे, कारण शहरातील खोलीचे भाडे अधिक. परंतु घरून रोज ये-जा करणाऱ्याच्या वाट्याला काय येते? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यासाठी वर्षाला सहा हजार रुपयांचा भत्ता ठरलेला आहे. ये-जा करणाऱ्यासाठी तो तीन हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये आहे. या अडीचशे रुपयांत वह्या, छायाप्रती, प्रवास आणि दुपारचा घास, सारे बसवावयाचे. दुपारी चार घास खाण्याची सोय नसेल, तर चार वाजेपर्यंत वाचनालयात बसण्याचा उपदेश निरर्थक ठरतो.

प्रवासाचीही तीच गत. एस. टी. महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत देते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. अलीकडे हे पास शाळा-महाविद्यालयांतच नेऊन देण्याचा उपक्रमही महामंडळाने हाती घेतला, तो स्तुत्य आहे. परंतु बारावी उत्तीर्ण होऊन मुलगी पदवीच्या वर्गात पाऊल टाकते, नेमकी तेथेच मोफत पासाची मर्यादा संपते. ज्या वयात मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार घरात सुरू होतो, त्याच वयात तिच्या शिक्षणाचा खर्च वाढावा, हा योगायोग असला तरी दुर्दैवी योगायोग आहे.

पूर्वसूरींनी काय ओळखले होते

शुल्क माफ केले म्हणजे शिक्षण मिळाले, असा भाबडा समज महाराष्ट्रातील शिक्षणधुरिणांनी कधीही बाळगला नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. खेड्यातील मूल शहरात शिकावयाचे तर त्याला आधी राहावयास जागा आणि सोबतीस माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि एका पंक्तीत जेवत. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांना अंगावरचे दागिने मोडावे लागले, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तेथून निघाले व १९४७ साली साताऱ्यात स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ते उच्च शिक्षणाला लागू झाले. कमाई हा त्या योजनेचा अर्धाच भाग होता. एकत्र राबण्यातून विद्यार्थ्याला आपण कोणाच्या तरी उपकारावर शिकत आहोत असे वाटेनासे होते. महाविद्यालय हे आपलेही आहे, अशी भावना त्याच्या ठायी निर्माण होते. हा दुसरा भाग अधिक मोलाचा होता.

डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था केली. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळेशी जुळवून घ्यावे असा आग्रह त्यांनी धरला नाही. महाविद्यालयानेच विद्यार्थ्याच्या वेळेशी जुळवून घेतले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली त्यांनी जे महाविद्यालय स्थापन केले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनाच्या त्या परिसरात वसतिगृहे होती, वादविवाद होते, नियतकालिक होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक त्याच वातावरणात उभे राहिले. पुढे दलित साहित्याच्या ज्या प्रवाहाने मराठी वाङ्मयाला हलवून सोडले, त्याचा एक प्रमुख उगम त्या परिसरात सापडतो. तो तासिकांच्या वेळापत्रकात शोधून सापडणार नाही. वर्ग सुटल्यानंतर जे तरुण एकत्र राहिले, त्यांच्या बोलण्यातून आणि लिहिण्यातून तो प्रवाह निघाला.

पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, तीही याच जाणिवेने. गरीब व होतकरू मुलाला केवळ निवारा देऊन भागत नाही. शहरात त्याचे असे एक कुटुंब असावे लागते. विदर्भात मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि तत्कालीन भंडारा जिल्ह्यात उच्च शिक्षण मुलांच्या घराजवळ आणले. त्यापूर्वी येथील तरुणाला नागपूर गाठल्यावाचून गत्यंतर नव्हते. महाविद्यालय जवळ आले ही केवढी तरी मोठी गोष्ट झाली. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की वसतिगृहात राहणारा विद्यार्थी मागे पडून ये-जा करणारा विद्यार्थी हाच ग्रामीण महाविद्यालयांचा मुख्य विद्यार्थी झाला. आपली साहाय्याची कल्पना मात्र अद्याप वसतिगृहाच्या काळातच रेंगाळली आहे.

न्यूयॉर्कचा एक प्रयोग

घरून ये-जा करणारा विद्यार्थी हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. त्यांतील पहिले १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी घरी राहतात, नोकरी करतात आणि निम्म्या वाटेवर शिक्षण सोडतात. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने २००७ साली या गळतीवर एक उपाययोजना सुरू केली. तिच्यात शुल्कातील उरलेली तूट भरून देण्यात आली; पण त्याबरोबर प्रवासाचा मासिक पास देण्यात आला, पुस्तकांना साहाय्य दिले गेले, तासांची वेळ सलग राहील अशी व्यवस्था झाली, आणि थोडे विद्यार्थी सांभाळणारा एक सल्लागार प्रत्येकाला नेमून देण्यात आला. त्याला वारंवार भेटणे बंधनकारक होते.

या योजनेची कसोटी तीन महाविद्यालयांत काटेकोरपणे घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही विद्यार्थ्यांना योजनेत घेतले आणि तशाच इतरांना नेहमीच्या व्यवस्थेत ठेवले. तीन वर्षांनी योजनेतील सुमारे ४० टक्के विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडले. इतरांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांनी तोच कित्ता गिरविला आणि तेथेही अंतर जवळजवळ दुपटीचे पडले. अमेरिकेतील पैसा आपल्याजवळ नाही हे खरे. परंतु त्या योजनेतील कोणती गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे? गाडीचा पास, पुस्तके, सलग वेळापत्रक आणि चौकशी करणारा एक माणूस! या चारही वस्तू तुमसर, साकोली वा पवनी येथे मिळण्यासारख्या आहेत.

रोवणीचे दिवस

आता आपल्या भागाकडे वळावे. भंडारा हा धानाचा जिल्हा. जुलै-ऑगस्टात येथे रोवणी चालते आणि घरातील प्रत्येक हात बांधीत लागतो. मजुरीवर जाणाऱ्या घरांत तर हेच चार पैसे मिळण्याचे दिवस. महाविद्यालयातील प्रवेशाचे, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे आणि पहिल्या तासांचे दिवसही हेच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, संगणकावरील अर्ज, त्यात निघालेली त्रुटी आणि तिची दुरुस्ती, हे सोपस्कार ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेले नाही त्याने एकट्याने करावयाचे असतात. एका दाखल्यासाठी तुमसरला आणखी एक फेरी मारावी लागली, तर एका दिवसाची मजुरी बुडते. पहिले दोन महिने असे गेले की वर्गात काय चालले आहे ते समजेनासे होते, आणि न समजणाऱ्या वर्गात बसण्यापेक्षा घरी राहणे बरे वाटू लागते. शिक्षण सुटते ते असे, कोणताही गाजावाजा न होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने या प्रश्नाला अधिक धार आणली आहे. मुख्य विषय, गौण विषय, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि या सर्वांचे श्रेयांक, अशी पदवीची नवी घडण आहे. तिच्यातील कल्पना चांगल्या आहेत. परंतु वर्गाबाहेरचे कार्य जसजसे गुणपत्रिकेत येईल, तसतसा वर्गाबाहेर थांबू न शकणारा विद्यार्थी मागे पडेल. काल जे त्याला मिळत नव्हते ते केवळ आनंदाचे होते. आता ते गुणांचेही होणार आहे.

यावर प्राचार्य मंडळींचे म्हणणे असे, की आमच्याकडे माणसेच कोठे आहेत? हा आक्षेप खरा आहे आणि तो डावलून चालणार नाही. अनेक महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांवर काम भागविले जाते. ज्याला तासावर मोबदला मिळतो, त्याने तासानंतर विद्यार्थ्यांसाठी थांबावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? वर्ग सुटताच गाडी धरणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग सुटताच दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरणारा अध्यापक भेटतो. महाविद्यालयीन जीवन नावाची गोष्ट अशा ठिकाणी कोणी निर्माण करावयाची? रिक्त जागा भरणे हे म्हणून विद्यार्थी-साहाय्याचेच काम आहे, आणि शासनाने त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांचा आवाजही या बाबतीत क्षीण झाला आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद पडल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली. पण मुहूर्त मात्र लांबत गेला. निवडणुकांतील दांडगाई कोणालाही नको आहे. परंतु गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वतीने बोलणारा कोणी नसेल, तर वेळापत्रक करणाऱ्याला त्याची आठवण तरी कशी व्हावी?

आज करण्याजोगे

काही गोष्टी शासनाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत. जे तास संध्याकाळी मिळत नाहीत ते दुपारी निर्माण करावेत. आठवड्यातून तीन दिवस भर दुपारचा एक तास सर्व वर्गांना मोकळा ठेवावा आणि वाचनालय, वक्तृत्व, सेवा योजना, नाट्य, शंकानिरसन हे सारे त्या तासात आणावे. दुसरे असे, की नवागत विद्यार्थ्यांचे गट तुकडीनुसार न पाडता गाडीच्या मार्गानुसार पाडावेत. आंबागडच्या वाटेवरील मुलांचा एक गट, त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक प्राध्यापक आणि त्याच वाटेवरील तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी, अशी रचना केल्यास गाडीतील प्रवासही महाविद्यालयाचाच भाग होईल. कोण चार दिवस आले नाही हे त्या गटाला हजेरीपटापूर्वी कळेल.

तिसरे, कमवा व शिका योजना कागदावरून बाहेर आणावी. दाखले आणि अर्ज यांचे काम जाणणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मोबदला देऊन प्रवेशाच्या दिवसांत साहाय्यकक्षात बसवावे. त्यांना कमाई होईल आणि नव्यांच्या फेऱ्या वाचतील. चौथे, दुपारच्या जेवणाची साधी सोय. तुमसर ही तांदळाची बाजारपेठ आहे. माजी विद्यार्थी, व्यापारी आणि गावोगावचे शेतकरी यांनी मनावर घेतले, तर विद्यार्थ्यांनी चालविलेली भात-वरणाची खानावळ अशक्य नाही. भाऊरावांनी साताऱ्यात मूठ-मूठ धान्यावरच मुले पोसली. पाचवे, दरवर्षी जूनपूर्वी प्राचार्यांनी एस. टी. च्या आगारप्रमुखांसमवेत बसून गाड्यांच्या आणि तासांच्या वेळा जुळवाव्यात. आणि शासनाने मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत वाढवावा. ये-जा करणाऱ्याच्या भत्त्याचा फेरविचार करावा.

या मोकळ्या तासात काय भरावयाचे, अशी शंका कोणी घेईल. झाडीपट्टीत तरी ती घेण्याचे कारण नाही. दंडारीची परंपरा येथे घराघरांत आहे. झाडीबोली ही शास्त्रशुद्ध अभ्यासाला योग्य बोली आहे, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आपल्या कार्याने दाखवून दिले आहे. आंबागडची मुलगी वर्गात गप्प बसते ती पुष्कळदा आपली बोली गावंढळ ठरेल या भयाने. तिच्या आजीची गाणी, रोवणीची गाणी, किल्ल्याविषयीच्या गावातील कथा तिने लिहून आणाव्यात आणि महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर त्या तिच्या नावानिशी झळकाव्यात. तेथून पुढे ती वर्गातही बोलू लागेल.

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत शिष्यवृत्तिधारकांची संख्या अभिमानाने छापली जाते. तिच्या शेजारी आणखी दोन आकडे छापावेत, अशी सूचना करावीशी वाटते. बाहेरगावाहून ये-जा करणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षात प्रवेश घेतला, आणि त्यांपैकी किती तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचले, हे ते दोन आकडे होत. ते समोर आले की साहाय्य कोठे पोहोचले आणि कोठे वाटेतच राहिले, हे निराळे सांगावे लागणार नाही. आंबागडहून येणाऱ्या गाडीतून सकाळी जेवढ्या मुली उतरतात, तेवढ्याच तीन वर्षांनी पदवी घेऊन परत जाव्यात, आणि जाताना महाविद्यालयातील आपल्या दिवसांविषयी सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही असावे, एवढीच ही अपेक्षा आहे.